कटाच्या गोष्टी आपल्याला का पटतात?

(वरोर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)

आवाज मागपर्यंत पोचतोय ना? छान.

आजचा विषय असा, की कटकारस्थानाच्या गोष्टी माणसाला पिढ्यान् पिढ्या इतक्या का आवडतात. कॉन्स्पिरसी थिअरी म्हणतात, ती. हा विषय चंद्रावर माणूस गेलाच नाही, इथपासूनही सुरू करता आला असता. पण आम्ही आपल्याच तालुक्यापासून सुरुवात करणार आहोत, आणि त्यातही आमच्या स्वतःच्या एका चुकीपासून.

एप्रिल २०२०. टाळेबंदी लागलेली. लोकल बंद, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, वेशीवर बांबू आडवे टाकलेले. रात्री पोरं बॅटऱ्या घेऊन गस्त घालत होती. त्या दिवसांत पुतण्याकडून आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक ध्वनिमुद्रित निरोप आला. कुणीतरी घाईघाईनं सांगत होतं, की रात्री वेश बदलून टोळ्या फिरतायत, मुलं उचलतात, किडन्या काढतात, सावध राहा. बोलणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, तारीख नाही.

आता बघा, आम्ही तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेली. तीसेक वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेलं. हेत्वाभासांचे प्रकार झोपेतून उठवलं तरी सांगू. आणि आम्ही काय केलं? तो निरोप दोन ग्रुपांवर पुढे ढकलला. खाली एक ओळ लिहिली: ‘खरं-खोटं माहीत नाही, पण काळजी घेतलेली बरी.’

१६ एप्रिलच्या रात्री आपल्याच डहाणू तालुक्यात, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीलगत गडचिंचले इथे काय घडलं ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन साधू आणि त्यांचा चालक मुंबईहून सुरतेला एका अंत्यविधीसाठी निघाले होते. हमरस्त्यावर नाकाबंदी, म्हणून आतल्या रस्त्यानं आले. त्यांना अडवलं गेलं, जमाव वाढत गेला, पोलीस आले, आणि पोलिसांच्या देखत त्या तिघांना ठेचून मारलं. चोर आणि मुलं पळवणारे फिरतायत ही अफवा त्या पट्ट्यात आधीपासून होती. दोनच दिवस आधी मदत घेऊन गेलेल्या एका डॉक्टरांच्या गाडीवरही त्याच भागात हल्ला झाला होता.

आमचा निरोप तिथे पोचला असं आम्ही म्हणत नाही. बहुधा पोचला नसेल. पण माल तोच होता, आणि तो वाहून नेणाऱ्यांत आम्ही होतो. ‘खरं-खोटं माहीत नाही, पण’ हे वाक्य तेव्हापासून आमच्या डोक्यातून जात नाही. आजचं व्याख्यान खरं तर त्या एका वाक्यावर आहे.

जुनाच साचा

वरोर-चिंचणीच्या लोकांना डाय म्हणजे काय ते सांगायला नको. पोलादात नक्षी एकदा नीट कोरली, की त्या साच्यातून सोनं दाबा, चांदी दाबा, पितळ दाबा, नक्षी तीच उठते. अफवेचंही तसंच आहे. साचा फार जुना असतो, धातू तेवढा बदलतो.

१८९६ सालचं उदाहरण घ्या. सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. रोग्यांना घरातून उचलून इस्पितळात न्यायला सुरुवात झाली, आणि गिरणगावात कुजबूज पसरली की इस्पितळात माणसं बरी करायला नेतच नाहीत, तिथे त्यांना मारून शरीरातून औषधी तेल काढतात. त्या तेलाला लोक मोमियाई म्हणत. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तेव्हा तेल, आज किडनी. तेव्हा गोरा डॉक्टर, आज अनोळखी गाडी. ‘परका माणूस येतो आणि आपल्या शरीरातलं काहीतरी चोरून नेतो’, हा तो साचा. आमच्या लहानपणी पुलाच्या पायात मूल पुरल्याशिवाय पूल उभा राहत नाही, असं सांगून आम्हाला संध्याकाळी घरात बोलवत. तोही त्याच डायमधला दागिना.

पण इथे घाईनं ‘अडाणी लोक’ असं म्हणू नका. त्या कामगारांच्या भीतीला आधार होता. सरकार खरोखरच जबरदस्ती करत होतं. १८९७ चा साथरोग कायदा आला, पुण्यात रँडच्या कारकिर्दीत सोजीर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले. लोकांना अपमान दिसत होता. अपमान करणाऱ्याचा हेतू चांगला असेल, हे त्यांना कसं पटावं? तेल काढतात ही गोष्ट खोटी होती, पण ‘हे सरकार आपल्याला माणूस समजत नाही’ ही तिच्या तळाशी असलेली भावना पूर्ण खोटी नव्हती. कटाच्या गोष्टीचं बळ बऱ्याचदा अशा अर्ध्या खऱ्यात असतं.

मोठ्या घटनेला मोठं कारण हवं

आता प्रश्न असा, की मनाला ही ओढ का लागते?

पहिलं कारण मोजमापाचं. घटना मोठी असली, की तिचं कारणही तेवढंच मोठं असावं असं मनाला वाटतं. १९६३ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष केनेडी एका बंदूकधाऱ्याच्या गोळीनं मरतो, हे वजन तराजूत बसत नाही. आपल्याकडे नेताजींचंच बघा. ऑगस्ट १९४५ मधल्या तैहोकूच्या विमान अपघातावर शाहनवाज समिती झाली, खोसला आयोग झाला, मुखर्जी आयोग झाला. पहिल्या दोघांनी अपघात मानला, तिसऱ्यानं नाकारला, तो निष्कर्ष सरकारनं नाकारला. एवढा मोठा माणूस विमानाच्या साध्या अपघातात गेला, हे मन आजही घेत नाही.

दुसरं कारण, मनाला कर्ता लागतो. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. महिनोन् महिने लोक थंडीत घराबाहेर झोपले. शास्त्रज्ञ यंत्रं लावून सांगत होते की जमिनीच्या पोटात छोट्या धक्क्यांची अशी मालिका चालू राहू शकते. हे ऐकून समाधान होतं का? नाही होत. कारण त्यात रागवायला कुणी नाही. ‘अमक्यानं केलं’ म्हटलं, की भीतीला निदान तोंड फिरवायला दिशा मिळते.

कार्ल पॉपर नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. १९४५ च्या ‘द ओपन सोसायटी अँड इट्स एनिमीज’ या ग्रंथात त्यानं या वृत्तीवर नेमकं बोट ठेवलं. त्याचं म्हणणं साधारण असं: पूर्वी लोक म्हणत, देवांच्या मर्जीनं सगळं घडतं. देव मागे सरले, आणि त्यांच्या रिकाम्या जागी सामर्थ्यवान माणसांचा एखादा दुष्ट गट बसवला गेला. युद्ध, महागाई, बेकारी, जे वाईट घडेल ते कुणीतरी ठरवूनच केलेलं. कट होतच नाहीत असं पॉपर म्हणत नाही. तो म्हणतो, होतात, पण बहुतेक फसतात, कारण समाजात केलेल्या कृतीतून ठरवलेलं सोडून भलतंच बरंच काही निघतं.

हे तुम्हाला किनाऱ्यावर समजेल तसं पुस्तकात समजणार नाही. समुद्रात मासळी कमी झाली, हे इथला प्रत्येक जण सांगतो. कुणी ठरवून कमी केली का? एकानं मोठं इंजिन घेतलं, कारण शेजाऱ्यानं घेतलं. दुसऱ्यानं बारीक आसाचं जाळं घेतलं, कारण कर्ज फेडायचं होतं. बाहेरचे मोठे ट्रॉलर आले. पाणी बिघडलं. मासळी संपावी असं यातल्या कुणाच्याही मनात नव्हतं. तरी प्रत्येकाच्या करण्याचा मिळून परिणाम झालाच. यात जबाबदारी आहे, कुणाची कमी, कुणाची फार जास्त. पण गुपचूप बैठक घेऊन सूत्र हलवणारा कुणी सूत्रधार नाही.

तिसरं कारण जरा लागणारं आहे. कटाची गोष्ट सांगणाऱ्याला मान मिळतो. ‘तुम्हाला आतली गोष्ट माहीत नाही’ असं म्हटलं, की नाक्यावरचा माणूस घडीभर प्राध्यापक होतो. आम्ही प्राध्यापक असूनही तो मोह आम्हाला झाला, कारण निवृत्त माणसाला ग्रुपवर कोण विचारतं? सावधगिरीचा निरोप पाठवला की चार जण हात जोडल्याचं चिन्ह टाकतात.

कट खरेही असतात

तुम्ही म्हणाल, सर, मग सगळंच योगायोग, कावळा बसायला आणि फांदी मोडायला? तसं नाही. इतिहासात कट खरे असतात, आणि आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातला एक फार मोठा आला आहे.

२० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींच्या प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा पकडला गेला. या मदनलालनं त्याआधीच मुंबईत रुईया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांच्याजवळ आपला बेत बोलून दाखवला होता. जैनांना ती बढाई वाटली. स्फोटाची बातमी वाचल्यावर ते तडक मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना जाऊन भेटले. खरी माहिती, खऱ्या माणसाकडून, हातात होती. तरीही ३० जानेवारी टळली नाही. हे असं का झालं, हे तपासायला पुढे न्यायमूर्ती कपूर यांचा आयोग नेमावा लागला.

या खऱ्या कटाचं रूप नीट बघा. मोजकी माणसं. त्यातला एक आधीच बोलून बसला. पहिला प्रयत्न फसला. एक जण, दिगंबर बडगे, माफीचा साक्षीदार झाला. तिकिटं, हॉटेलच्या नोंदी, पिस्तूल, सगळ्याचा माग राहिला. लाल किल्ल्यात खटला चालला आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. खरा कट असा गळका असतो. उलट व्हॉट्सअ‍ॅपवरचा कट बघा: हजारो माणसं सामील, कुणी फुटत नाही, कुणी चुकत नाही, आणि पुरावा नाही म्हणजे पुरावा लपवलाय! जो दावा पुरावा असला तरी खरा आणि नसला तरी खरा ठरतो, तो पडताळायचा कुठे?

म्हणून आमचं म्हणणं असं. कटाच्या गोष्टीवर विश्वास ठेवणारा माणूस फार संशयी असतो असं आपण समजतो. आम्हाला वाटतं, तो संशय फार लवकर सोडून देतो. सरकारवर, डॉक्टरवर, वर्तमानपत्रावर तो संशय घेतो, आणि ज्या निरोपानं हा संशय शिकवला, त्या निरोपावर मात्र घेत नाही.

संशयापासून निर्णयापर्यंत

आपल्या न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यात संशय तिसरा आहे, म्हणजे त्याला मानाचं स्थान आहे. त्याचं नेहमीचं उदाहरण असं: संधिप्रकाशात लांबवर उभं काहीतरी दिसतं. खांब आहे की माणूस? निर्णय मात्र नववा पदार्थ आहे. तिसऱ्या आणि नवव्याच्या मधे पाच पायऱ्या आहेत: प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव, तर्क. शास्त्रात यांचे अर्थ काटेकोर आहेत. आम्ही आज जरा मोकळेपणानं ते आमच्या त्या निरोपालाच लावून बघतो. तेव्हा लावायला हवे होते.

प्रयोजन. हा निरोप आपल्याला काय करायला लावतो? दार लावून झोपायला लावत असेल तर चुकला तरी नुकसान थोडं. रस्त्यावर उतरून अनोळखी माणसाला धरायला लावत असेल, तर तो चुकला की माणूस जातो. ‘काळजी घेतलेली बरी’ हे आमचं वाक्य इथेच फसवं होतं. आमची काळजी दुसऱ्याच्या जिवावर होती.

दृष्टान्त. दोघांनाही मान्य होईल असं खरं उदाहरण द्या. कुठल्या पाड्यातलं कुठलं मूल गेलं? कुठल्या ठाण्यात तक्रार आहे? २०१८ मध्ये देशभर मुलं पळवण्याचा एक व्हिडिओ फिरत होता. मोटरसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात. तो होता कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा. मूळ फिल्ममध्ये शेवटी मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. शेवट कापून टाकला होता. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडे बाजारात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं याच संशयावरून मारली गेली. भिक्षा मागत फिरणारी, सोलापूरकडची माणसं होती ती.

सिद्धान्त. आधीपासून पक्कं काय माहीत आहे? किडनी काढून चालत नाही, ती टिकवावी लागते, रक्तगट आणि ऊती जुळाव्या लागतात, शस्त्रक्रियागृह लागतं, तज्ज्ञांचा ताफा लागतो. किडनीचे गैरव्यवहार आपल्या देशात खरोखर झालेत. पण ते इस्पितळात, खोट्या कागदांवर, गरिबाला पैशाची लालूच दाखवून झालेत. रात्री जंगलात चाकूनं होत नाहीत.

अवयव. इथे अवयव म्हणजे किडनी नव्हे हं. अनुमानाची अंगं. दावा कागदावर सुटा सुटा मांडा. ‘हे लोक चोर आहेत.’ का? ‘रात्री आले आणि अनोळखी आहेत.’ मग जो जो रात्री येतो आणि अनोळखी असतो, तो चोर? आपली बोट रात्री दुसऱ्या बंदरात लागते तेव्हा तिथल्यांना आपण कोण असतो?

तर्क. हे खरं असतं तर आणखी काय काय दिसलं असतं? टोळ्या फिरतायत तर मुलं हरवलेली दिसली असती, प्रेतं सापडली असती, कुठल्यातरी दवाखान्यात कुजबूज असती. काहीच नाही. मग?

या पाच पायऱ्यांना पाच मिनिटं लागतात. आम्ही पाच सेकंदांत पुढे पाठवलं होतं.

आणखी एक. न्यायशास्त्र शब्दाला, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्याला, ज्ञानाचं साधन मानतं. पण सांगणारा आप्त हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि जी आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनानं तर म्हटलंय की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छालाही सारखंच लागू. जात, धर्म, पदवी बघायची नाही. आमच्या पुतण्याचं आमच्यावर प्रेम आहे, पण त्या निरोपाबाबत तो आप्त नव्हता. आणि ज्यांना आम्ही पाठवला, त्यांच्यासाठी आम्हीही नव्हतो.

गडचिंचलेनंतर काय झालं तेही सांगायला हवं, कारण तो याच गोष्टीचा दुसरा अंक आहे. तिघांच्या मृत्यूचे व्हिडिओ देशभर फिरले आणि ते अमक्या धर्माच्या लोकांनी केलं, अशी नवी कथा उभी राहिली. एका व्हिडिओत कुणीतरी ‘ओये बस’ असं ओरडत होतं, त्यात लोकांना ‘शोएब’ ऐकू आलं. २२ एप्रिलला गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली. त्यात एकही मुसलमान नव्हता. अफवेनं मारलेल्या माणसांच्या नावानं दुसरी अफवा चालली. मरणाऱ्यांना त्यातून काय मिळालं?

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: सर, तुमचं म्हणणं पटतं. पण आम्ही किनाऱ्यावर राहतो, बंदर येतंय. मोठ्या लोकांवर संशय घ्यायचाच नाही का?*

घ्यायचा. जरूर घ्यायचा. बंदर हवं की नको, हा आजचा विषय नाही. पण संशय कसा घ्यायचा, याचा धडा डहाणूनंच दिलेला आहे. १९९१ मध्ये केंद्र सरकारनं डहाणूला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवणारी अधिसूचना काढली. तिची अंमलबजावणी होत नाही म्हणून माणसं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९६ मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं. त्या प्राधिकरणानं १९९८ मध्ये वाढवणच्या बंदराला नकार दिला, आणि त्याच प्राधिकरणानं २०२३ मध्ये अटींवर परवानगी दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. आता तुम्ही दोन्ही आदेश समोर ठेवून विचारू शकता, की मधल्या पंचवीस वर्षांत काय बदललं? अटी कोणत्या? त्या पाळल्या जातायत का? माहितीच्या अधिकारात कागद मागा, जनसुनावणीत उभे राहा. हा संशय उत्तर द्यायला भाग पाडतो. ‘सगळे विकले गेलेत’ असं म्हटलं, की उत्तर द्यायची गरजच उरत नाही. सत्ताधाऱ्यांना त्याहून सोयीचं दुसरं काही नाही.

*प्रश्न: घरातले मोठेच असे निरोप पाठवतात. काका, मामा. त्यांना कसं सांगायचं?*

(हसून) म्हणजे आमच्यासारख्यांना. चारचौघांत, ग्रुपवर चूक काढू नका. म्हाताऱ्याचा अपमान झाला की तो चूक मान्य करत नाही, आणखी दोन निरोप पाठवतो. बाजूला घ्या किंवा फोन करा. ‘काका, हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांना कुणी?’ एवढंच विचारा. दोन घरं मागे गेलं की बहुतेक निरोपांचा मालकच सापडत नाही.

आम्हाला तेव्हा असं कुणी विचारलं नाही. १७ एप्रिलला बातमी कळल्यावर आम्ही त्या दोन्ही ग्रुपांवर लिहिलं, की अमुक तारखेचा निरोप आम्ही खातरजमा न करता पाठवला होता, तो खोटा आहे, ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांनी तसं कळवावं. आधीच्या निरोपाला एकवीस जणांनी हात जोडले होते. याला दोघांनी उत्तर दिलं. त्यातला एक पुतण्या होता. त्यानं विचारलं, ‘काका, मला ज्यानं पाठवला, त्यालाही सांगू का?’